अर्बाबच्या डिशडाशातला चेंडू

मस्कतहून परत आल्यावर ऑफिसात प्रत्येकाने मला वाळवंटाबद्दल विचारलं. उंटावर बसलात का, हेही विचारलं. वाळवंट मी गाडीच्या काचेतून पाहिलं. उंट एकच दिसला, तो पिकअपच्या मागे बसून आमच्याच रस्त्याने चालला होता आणि त्याची गाडी आमच्या गाडीपेक्षा नवी होती. बाकी माझे तिथले दोन आठवडे मुख्यतः एका गृहस्थाच्या झग्याचा काठ जमिनीपासून किती वर आहे, या प्रश्नात गेले. एवढं सांगितलं की लोक विषय बदलतात. म्हणून पहिल्यापासून नीट लिहून काढतो आहे.

मी कोल्हापूरचा. नोकरी वजनमापे खात्यात. दुकानातले काटे, कापडवाल्यांचे मीटर, रॉकेलची मापं तपासायची आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा. या कामाने माणूस लोकप्रिय होत नाही, पण खिशात टेप ठेवायची सवय लागते. माझी धाकटी बहीण सुनंदा मस्कतला असते. तिचे यजमान दिलीपराव देवरुखकडचे. वादी कबीरला एका मोठ्या गॅरेजात ते सुपरवायझर आहेत. त्यांना एकच मुलगी, रुचा, सोळा वर्षांची. सुनंदा दहा वर्षं ‘दादा, एकदा ये’ म्हणत होती. २०१६च्या हिवाळ्यात अखेर रजा मंजूर झाली आणि गेलो.

वादी कबीर

वादी कबीर म्हणजे उघडेबोडके तपकिरी डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी दाटीने बसलेल्या इमारती. खाली गॅरेजं, वर बिऱ्हाडं, मध्ये एक भलीमोठी शाळा. डोंगरावर गवताची काडी नाही. आपल्याकडे एवढा उघडा डोंगर दिसला तर कुणीतरी खाण काढली असणार असं वाटतं. इथे तो मुळातच तसा.

सुनंदाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, गॅरेजच्याच मागे. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गॅरेजचं मागचं आवार दिसतं. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी चहा घेत मी खिडकीशी उभा होतो. आवाराला तारेची जाळी होती. आत दोनच जण चेंडू खेळत होते आणि जाळीबाहेर पंचवीस-तीस पोरं गुपचूप उभी होती. दोन्ही बाजूंना सायलेन्सरच्या जुन्या नळ्या वेल्डिंग करून गुडघाभर उंचीचे गोलपोस्ट केले होते, पण त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. दोघंही एकमेकांसमोर चेंडूवर पाय फिरवत होते. मग अचानक सगळी पोरं किंचाळली, जाळी गदागदा हलवली, आणि त्या दोघांतला एक जण मान खाली घालून बाहेर आला.

“गोल तर झाला नाही,” मी म्हणालो.

“पन्ना झाली ना, मामा,” रुचा बूट घालत म्हणाली. “गोलपेक्षा मोठं. तू खाली ये, अश्विन एक्स्प्लेन करेल. मला मराठीत नाही जमणार.”

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय चीज आहे, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. दोन पेठांच्या तालमींचा सामना असला की सख्खे मेहुणे एकमेकांच्या घरी जेवत नाहीत. मी स्वतः कधी खेळलो नाही, पण रेषेच्या बाहेर पाय गेला की आत, यावर झालेली भांडणं लहानपणापासून ऐकली आहेत. त्यामुळे मी जरा तयारीनेच खाली उतरलो. तरीही हे काही वेगळंच होतं.

अश्विन आणि योरिस ही दोन हॉलंडची मुलं, दोघंही विशीच्या आतबाहेर, रॉटरडॅम शहरातली. योरिसचे वडील ओमानातल्याच सोहारच्या बंदरात कामाला होते. मुलगा कॉलेजला वर्षभर सुट्टी देऊन त्यांच्याकडे आला होता आणि येताना मित्राला घेऊन आला होता. त्यांची गाडी दिलीपरावांच्या गॅरेजात दुरुस्तीला आली. गॅरेजवाला ‘एक तास’ म्हणाला म्हणजे तीन तास, हे दोघांना ठाऊक नव्हतं. वेळ घालवायला त्यांनी मागच्या आवारात चेंडू काढला. वरच्या बिऱ्हाडांतून पोरं उतरली. गाडी संध्याकाळी दुरुस्त होऊन गेली, पण दर शुक्रवारी ती परत यायला लागली.

योरिस उंच, भुरा आणि अबोल. अश्विन काळासावळा, हसरा. मी त्याच्याशी माझ्या सरकारी इंग्रजीत बोलायला गेलो तर तो म्हणाला, “मामू, हमसे हिंदी में बोलो. हमार आजी घर में एही बोले है.” त्याच्या पणजोबांचे वडील कलकत्त्याहून जहाजाने सुरिनामला ऊस तोडायला गेले होते. तिथून पुढची पिढी हॉलंडला गेली. म्हणजे भारत न पाहिलेला डच मुलगा माझ्याशी आजीच्या बोलीत गप्पा मारत होता आणि माझी सख्खी भाची मध्येच “मामा, तो काय बोलला?” असं इंग्रजीत विचारत होती.

त्याने सांगितलं ते असं. रॉटरडॅममध्ये इमारतींच्या मधल्या चौकांत तारेचे पिंजरे असतात. शाळा सुटली की पोरं तिथे. संघ नाही, प्रशिक्षक नाही, गणवेश नाही. एकास एक खेळायचं, जिंकेल तो आत राहतो, हरेल तो रांगेच्या शेवटी. गोल झाले तर मोजतात. पण समोरच्याच्या दोन पायांमधून चेंडू काढून पलीकडे जाऊन तो परत घेतला, की झाली पन्ना. खेळ तिथेच संपला. आधीचे गोल किती, याला अर्थ नाही.

“आणि हरला तो?”

“ऊ तो गया, मामू.” त्याच्या मामेभावावर एका मुलीने पन्ना केली होती. त्या पिंजऱ्यासमोर ट्रामचा थांबा आहे. मामेभाऊ अजूनही एक थांबा आधी उतरून चालत घरी जातो. त्याचं आता लग्न झालं आहे.

मला हे पटलं. कोल्हापुरात अशी माणसं मी पाहिली आहेत.

आता अडचण सांगतो. आवार होतं गॅरेजच्या मालकाचं. तिथे मालकाला अर्बाब म्हणतात. हे अर्बाब सैफ, वय पन्नाशीचं, मूळ खाबुऱ्याचे, पोट थोडं पुढे, हिंदी उत्तम. त्यांच्याकडे इमारती-इमारतींतून काढलेले जुने एसी साठले होते आणि ते मागच्या आवारात रचायचे होते. तीन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी ते जागा बघायला आले. पोरं खेळत होती. अर्बाब तरुणपणी गावच्या संघात होते म्हणे. ते जाळीच्या आत शिरले आणि योरिसला म्हणाले, “यल्ला, चलो, दिखाओ.”

योरिसने दाखवलं. चेंडू अर्बाबच्या पायांमधून जायला निघाला आणि डिशडाशाला आपटून परत आला.

डिशडाशा म्हणजे ओमानी पुरुषांचा घोट्यापर्यंतचा पांढरा झगा. त्यात पाय दोन असले तरी बाहेरून खांब एकच. अश्विनने प्रयत्न केला, तेच. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या पोरांनी केला, तेच. रॉटरडॅमच्या पिंजऱ्यांत नाव काढलेली दोन मुलं एका कापडापुढे हरली. अर्बाब पुढच्या शुक्रवारी पुन्हा आले, मुद्दाम. त्याच्या पुढच्याही. तीन शुक्रवार ते अजिंक्य होते आणि गॅरेजातल्या कामगारांनाही ते स्वतःहून सांगू लागले होते. शेवटी रुचाने त्यांना विचारलं की अंकल, एसी दुसरीकडे नाही का ठेवता येणार. अर्बाब खुशीत होते. म्हणाले, “मेरे ऊपर पन्ना करो, जगह तुम्हारी. खाबुरा आओ, मेरी बाग में. खाना भी खाओ. नहीं हुआ तो एसी आएगा, खलास.”

सुनंदा मला एकट्याला गाठून म्हणाली, “दादा, हे आवार मिळण्याआधी ही पोरगी शाळेतून आली की खोलीत जायची ती जेवायलाच बाहेर यायची. शाळेचं मैदान मुलांच्या क्रिकेटला. बाहेर एकटीला कुठे पाठवणार? आता बघ, बिल्डिंगमधलं प्रत्येक पोर तिला हाक मारतं.”

दिलीपरावांचं म्हणणं निराळं होतं. “अर्बाब तीन आठवडे आनंदात आहेत, दादा. सोळा वर्षांत इतके सलग आनंदात पाहिले नव्हते. ते हरता कामा नयेत.”

त्याच संध्याकाळी अर्बाब चहाला वर आले आणि सोफ्यावर बसता बसता म्हणाले, “दिलीप, ये तुम्हारा भाई मीज़ानवाला है ना?” मीज़ान म्हणजे तराजू. दिलीपरावांनी माझ्या खात्याबद्दल त्यांना बरंच फुगवून सांगितलं होतं. “तो बस. पंच यही. सरकारी आदमी है, किसी का नहीं.”

मी नको म्हणालो. पण अश्विन आणि योरिसही हो म्हणाले, आणि रुचाने तर माझा हातच धरला. मग मी माझ्या पद्धतीने काम सुरू केलं. चेंडू दोन डब्यांमध्ये धरून मोजला, जेमतेम वीस सेंटिमीटर. अर्बाबना उभं केलं, काठ मोजला, जमिनीपासून आठ. अर्बाबनी हे फार गांभीर्याने घेतलं आणि श्वास रोखून धरला, त्याची गरज नव्हती.

“मामू, ई ठीक ना है,” अश्विन म्हणाला. “आठ में बीस कैसे जाई? इनको हाफ पँट पहनाओ.”

सगळे माझ्याकडे बघत होते. आमच्या खात्याचा साधा नियम आहे. काटा दुकानात रोज ज्या स्थितीत असतो त्याच स्थितीत तपासायचा. घासूनपुसून, टेबल बदलून नाही. मी म्हणालो, “अर्बाब रोज डिशडाशा घालतात. डिशडाशातच खेळतील.”

दिलीपरावांनी माझ्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं.

“मामा,” रुचा म्हणाली, “तू कोणाच्या साइडला आहेस?”

“काट्याच्या.”

ती दोन दिवस माझ्याशी फक्त गरजेपुरतं बोलली.

बाकी नियम ठरले. तिघांना, म्हणजे योरिस, अश्विन आणि रुचाला, एकेक पाळी. चेंडू रेषेबाहेर गेला किंवा अर्बाबनी काढून घेतला, की पाळी संपली. चेंडू पुढून आत, मागून बाहेर, आणि बाहेर आल्यावर खेळणाऱ्याने त्याला आधी पाय लावला तर पन्ना. मला वाटलं यात सगळं आलं.

हमरिया

मधल्या दिवसांत मी पायी हिंडलो. मस्कतच्या रुवी भागाला लागून हमरिया म्हणून जुनी वस्ती आहे. अरुंद गल्ल्या, छोटी दुकानं, वर वाळत घातलेले कपडे आणि खाली सगळ्या जगाची माणसं. एका दुकानात मला चक्क आमसुलं मिळाली. शेजारी शिंप्याचं दुकान होतं. माझ्या पँटची शिलाई विमानातच उसवली होती, म्हणून आत गेलो.

शिंपी इस्माईलभाई दापोलीकडचे. मी मराठीत बोललो तशी त्यांनी मशीन थांबवली आणि मला स्टूल दिलं.

“कोणाकडे आलाव?”

दिलीपरावांचं नाव सांगितलं.

“गॅरेजवाले! म्हंजे सैफ अर्बाबचे. त्यांचे कपडे मीच शिवतो. कालच येऊन गेले. नवीन डिशडाशा टाकलानी.” त्यांनी हँगरवरचा पांढराशुभ्र झगा दाखवला. “म्हणाले, खाली कापड सोड. मी म्हटलं, अर्बाब, किती सोडू? म्हणाले, जमिनीला विचार. आता जमिनीला काय विचारू मी?”

मी टेप काढली नाही. गिऱ्हाइकाने शिंप्याला काय सांगितलं ते गिऱ्हाइकाचं. पण परत येताना वाटेत घेतलेल्या चहाची मला चव लागेना. शिक्का मारून झाल्यावर काट्याला हात लावणारे लोक मी जन्मभर पाहिले आहेत. त्यांच्या बागेत जेवायला जाण्याची वेळ मात्र पहिलीच होती.

घरी येऊन मी कुणाला काही बोललो नाही. रुचा खाली आवारात एकटीच एका रिकाम्या पिंपाला पोत्याचा झगा नेसवून त्याच्याशी सराव करत होती. पिंप हरत नव्हतं.

खाबुरा

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी दोन गाड्यांतून निघालो. समुद्राला समांतर रस्ता, सरळ इतका की दिलीपरावांना हातच हलवावा लागत नव्हता. एका बाजूला खजुरीच्या बागा, दुसरीकडे लांब कुठेतरी डोंगर. पावणेदोनशे किलोमीटरांत एक खड्डा लागला, तो मी बोलून दाखवला तर दिलीपराव म्हणाले, “तो स्पीडब्रेकर होता, दादा.”

अर्बाबची बाग छान होती. खजूर, लिंबं, केळी, आंब्याची दोन झाडं, आणि झाडांना पाणी द्यायला सिमेंटचे पाट. पाट बघून मला आमच्या पंचगंगेकाठच्या मळ्यात आल्यासारखं वाटलं, फक्त पाणी कमी आणि शेळ्या जास्त. खजूर वाळवायच्या सपाट जागेवर चुन्याने चौकोन आखला होता. एक बाजू थेट पाटाला भिडलेली. अर्बाबचे शेजारी, पुतणे, मजूर असे बरेच लोक चटया टाकून बसले होते.

आधी कहवा. वेलदोडा घातलेली काळी कॉफी, चार घोटांच्या वाटीतून. वाटी रिकामी झाली की वाढणारा लगेच भरतो. नको म्हणायचं असलं तर वाटी हातात जराशी हलवायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे पानात टाकू नये, म्हणून मी प्रत्येक वेळी संपवत गेलो आणि तो प्रत्येक वेळी भरत गेला. मैदानात उतरलो तेव्हा अकरा वाट्या झाल्या होत्या.

अर्बाब आले. नवा डिशडाशा. मी टेप घेऊन गुडघ्यावर बसलो.

“तीन,” मी म्हणालो. “गेल्या आठवड्यात आठ होतं.”

दिलीपरावांनी डोळे मिटून घेतले.

“मेहमान आए हैं,” अर्बाब मोकळेपणाने म्हणाले. “मेहमान के लिए नया कपडा पहनते हैं. आपके यहाँ नहीं पहनते?”

घालतात.  मी सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा एकदा ‘तीन’ म्हणालो आणि खेळ सुरू केला.

योरिसची पाळी दोन मिनिटंही टिकली नाही. त्याने पायात इतक्या करामती केल्या की बसलेल्या म्हाताऱ्यांनी वाहवा केली, पण शेवटी चेंडू कापडाला लागून पाटात पडला. अश्विन जास्त हुशारीने खेळला. अर्बाबनी लांब ढांग टाकावी म्हणून तो त्यांना इकडून तिकडे पळवत होता. ढांग पडली, काठ उचलला गेला, पण चेंडू त्यांच्या सँडलला लागला आणि तिथेच अडकला. अर्बाबनी तो पायाखाली दाबून दोन्ही हात वर केले. पुतण्यांनी टाळ्या वाजवल्या. अश्विन चौकोनाबाहेर जाऊन शेळ्यांच्या बाजूला तोंड करून बसला.

राहिली रुचा.

तिने करामती केल्याच नाहीत. ती नुसती अर्बाबच्या उजवीकडे चेंडू ढकलायची, ते वळले की डावीकडे. पुन्हा उजवीकडे. अर्बाब वळता वळता मागे सरत होते. नव्या झग्याचा काठ लांब, तो पायात यायला लागला. दोनदा ते अडखळले. तिसऱ्यांदा पडता पडता वाचले, आणि मग आपण सगळे लांब कपड्यात जे करतो तेच त्यांनी केलं. एका हाताने पुढचा काठ उचलला.

रुचाने चेंडू आत सारला.

अर्बाबनी काठ सोडला. चेंडू आत गेला होता तो आतच राहिला. मागचा काठ लांब, तिकडून निघेना. अर्बाबनी आतल्या आत पुढे लाथ मारली. झगा टरारून फुगला आणि चेंडू कापडाला आपटून परत दोन पायांच्या मध्ये येऊन बसला. रुचा धावत वळसा घालून मागे गेली आणि पाटाच्या पलीकडे उभी राहिली. अर्बाबच्या टाचा पाटाच्या काठावर होत्या. मागे जायला जागा नव्हती. पुढे पाऊल टाकलं तर चेंडू मागून निघणार होता. त्यांनी अर्धं पाऊल टाकून पाहिलं आणि लगेच परत घेतलं.

“बॉल मेरे पास है,” ते म्हणाले. “पारी खलास.”

“ना, मामू,” अश्विन पळत आला. “पैर के नीचे ना है. अंदर है.”

सगळे पुन्हा माझ्याकडे बघायला लागले. अर्बाबनी काठाकडे हात नेला.

“हात नाही लावायचा,” मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला, कहव्यामुळे असेल. “काटा हलत असताना पारड्याला कुणी हात लावायचा नाही. काटा थांबला की मी आकडा सांगेन.”

“कब रुकेगा?” अर्बाबनी विचारलं.

हे मी ठरवलंच नव्हतं. चेंडू आत किती वेळ राहू शकतो, याचा नियम नव्हता. मी तसं सांगितलं.

मग काय, थांबलो. सूर्य वर आला. अर्बाब उभे होते, पाय फाकवून, झग्याखाली फुगवटा. पुतण्याने त्यांना छत्री आणून दिली. कहव्याची आणखी एक फेरी झाली. अर्बाबनी उभ्याने तीन खजूर खाल्ले. शेजारच्या बागेचा मालक पंपाच्या भाड्याबद्दल बोलायला आला होता, त्याने अर्बाबना तसं उभं पाहिलं, सलाम केला आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात पंपाचं बोलून गेला. एक शेळी आली, काठ हुंगायला लागली, तिला दोघांनी धरून बाजूला नेलं, कारण शेळीने चेंडू काढला तर काय, यावरही नियम नव्हता.

दिलीपराव माझ्या कानाशी आले. “दादा, बरोबरी म्हणा. सगळे जेवायला बसतील.”

“बरोबरी असं काही ठरलेलं नाही.”

“मला यांच्याकडे अजून बारा वर्षं काढायची आहेत.”

“मला माहीत आहे,” मी म्हणालो. खरोखर माहीत होतं. म्हणूनच मी त्यांच्याकडे न बघता चेंडूच्या फुगवट्याकडे बघत राहिलो. रुचा पाटापलीकडे उकिडवी बसली होती. तिने पापणी हलवली असेल तर मला दिसली नाही.

घराचं दार उघडलं. अर्बाबच्या मोठ्या बहिणीने, शमसाबाईंनी, जेवण तयार असल्याची हाक दिली. अर्बाबनी छत्रीखालून काहीतरी उत्तर दिलं, बहुधा येतो म्हणाले असावेत. बाईंनी तिथूनच जरा वेळ पाहिलं. नंतर आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात भाताचं मोठं ताट घेऊन. तशाच पायऱ्या उतरायला लागल्या.

अर्बाब ओरडले. पुतणे उठले, तर बाईंनी काठी उगारून त्यांना खाली बसवलं. दुसरी पायरी उतरल्या. ताट कललं. तिसऱ्या पायरीवर त्यांचा गुडघा लटपटला, किंवा त्यांनी लटपटवला.

अर्बाबनी छत्री टाकली आणि धावत जाऊन बहिणीला धरलं.

चेंडू पाटाच्या काठावर एकटा राहिला. रुचाने पाट ओलांडला आणि त्यावर पाय ठेवला.

  अर्बाब ताट हातात घेऊन वळले. “मैं तो बहन के लिए गया,” ते म्हणाले. “खेल तो रुक गया था.”

“दादा,” दिलीपराव पुटपुटले, “खेळ थांबला होता म्हणा. खोटं नाही ते.”

पण ते खोटं होतं. खेळ थांबला असं कुणीच म्हटलं नव्हतं. मी म्हटलं नव्हतं आणि म्हणायचा अधिकार माझाच होता. ज्या माणसाच्या अंगणात उभा होतो आणि ज्याचं अन्न आता समोर येणार होतं, त्याच्याकडे बघून मी म्हणालो, “पुढून आत, मागून बाहेर, पाय तिचा. पन्ना.”

शमसाबाईंना अरबीशिवाय काही येत नव्हतं, पण हा शब्द त्यांना कळला. त्या हसायला लागल्या आणि भावाच्या दंडाला धरून रुचाला बरंच काही सांगू लागल्या. अर्बाब ते सांगायला तयार नव्हते. शेवटी दिलीपरावांनाच भाषांतर करावं लागलं, आणि त्यांनी ते एखाद्या तक्रारीचं करावं तशा आवाजात केलं.

“त्या म्हणताहेत, हा लहान असताना शेजारच्या मळ्यातलं कलिंगड चोरून झग्याखाली लपवायचा आणि असाच उभा राहायचा. दुपार दुपार. विचारलं तर म्हणायचा, मी सावलीत उभा आहे. मग त्या काही न बोलता डोक्यावर घागर घेऊन विहिरीकडे निघायच्या. हा घागर घ्यायला धावायचा आणि कलिंगड मागे राहायचं.” दिलीपरावांनी अर्बाबकडे बघणं टाळलं. “म्हणताहेत, अजून तसाच आहे.”

अर्बाबनी ताट चटईवर ठेवलं. भात, मटण, वर तळलेला कांदा. सगळे एकाच ताटाभोवती बसलो. आपल्याकडे ताट ज्याचं त्याचं, इथे ताट एक आणि आपल्यासमोरचा तुकडा आपला. मी माझ्यासमोर हात घालणार तेवढ्यात अर्बाबनी ताटातला सगळ्यात मोठा मटणाचा तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला.  मग जेवण होईपर्यंत ते भाताकडेच बघत राहिले. दिलीपराव भात नुसता चिवडत होते. मी तो तुकडा संपवला.

पुन्हा वादी कबीर

रविवारी सकाळी एसी आले. ट्रकभर. सुनंदा, रुचा आणि मी खिडकीतून बघत होतो. ट्रक आवाराच्या फाटकाशी थांबला, आणि मग मागे आला, आणि जाळीला लागून असलेल्या पार्किंगच्या जागेत कामगारांनी एकावर एक एसी रचायला सुरुवात केली. ती जागा दिलीपरावांची होती. सोळा वर्षांत अर्बाबनी त्यांना दिलेली एकमेव खास सवलत.

दिलीपराव संध्याकाळी घरी आले तेव्हा गाडी शाळेजवळ लावून चालत आले होते. बूट काढत म्हणाले, “दादा, तुमचा न्याय माझ्या पार्किंगमध्ये उतरवलाय.”

“ओरडले का?”

“नाही. म्हणाले, तुझा मेहुणा परत जायच्या आधी मला कळव. का ते सांगितलं नाही.” ते दोन दिवस दाढी करायला विसरले.

माझं विमान शनिवारी होतं. शुक्रवारी दुपारी आवार नेहमीसारखं भरलं. योरिस नळीच्या गोलपोस्टवर पाय ठेवून उभा, अश्विन एका पहिलीतल्या मुलाला पन्ना शिकवत होता, रुचा आत. फाटकाशी अर्बाबची गाडी थांबली तशी जाळी हलायची बंद झाली. दिलीपराव वरून धावत खाली आले, शर्टाची बटणं लावत.

अर्बाब सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. तोच नवा डिशडाशा होता, पण खालची शिलाई ताजी होती, आणि इस्माईलभाईंचा हात मी ओळखला.

“मीज़ान,” ते म्हणाले, आणि पायांकडे बोट दाखवलं.

मी टेप काढून गुडघ्यावर बसलो. सगळी पोरं वाकून बघत होती.

“आठ,” मी म्हणालो.

“आठ,” त्यांनी मोठ्याने सगळ्यांना सांगितलं, आणि जाळीचं दार उघडून आत गेले. अश्विनने त्यांना डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, त्यांनी एक लांब ढांग टाकली, काठ उचलला गेला आणि चेंडू पुढून आत गेला तो मागून बाहेर. जाळी इतकी हलली की वरच्या मजल्यांवरून बायका बाहेर आल्या. दिलीपराव भिंतीला टेकले.

अर्बाबनी आकाशाकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटले आणि बाहेर आले.

“अंकल, लाइन तिकडे,” रुचा म्हणाली. “हरला तो लास्ट.”

आवार त्यांचं, जाळी त्यांची, वरच्या इमारती त्यांच्या. ते मुकाट्याने रांगेच्या शेवटी गेले. त्यांच्यापुढे तो पहिलीतला मुलगा होता. ऊन होतं, पाळी यायला वेळ होता, म्हणून मग ते दिलीपरावांच्या पार्किंगमध्ये रचलेल्या एका एसीवर बसले, झग्याचा काठ नीट सावरून, आणि रांग एकेक पुढे सरकली की उठून त्याच्या पुढच्या एसीवर बसायचे.